पोलिसांनी घरच्या माणसाला रात्री नेले तर पहिल्या चोवीस तासांत काय करावे

रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास दार वाजते. साध्या कपड्यांतले दोघे उंबऱ्याबाहेर उभे असतात, "साहेबांनी चौकशीला बोलावलंय, पंधरा मिनिटांत सोडतो" एवढे सांगतात आणि घरातल्या मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून घेऊन जातात. पंधरा मिनिटांचा तास होतो, तासाची रात्र होते आणि घरची माणसे फोन लावत बसतात: नगरसेवकाला, ओळखीच्या हवालदाराला, मुलाच्या शेठला. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात रिमांडच्या कामासाठी उभी राहताना ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की पुढचे वाक्य मला आधीच ठाऊक असते: "मॅडम, ओळख लावत होतो, म्हणून यायला उशीर झाला." त्या उशिरात हातची जाते ती वेळेची नोंद. व्यक्तिस्वातंत्र्याचा कायदा ऐकायला मोठा वाटतो. पोलीस ठाण्याच्या दारात मात्र तो घड्याळ आणि कागद या दोनच गोष्टींवर उभा असतो आणि त्या दोन्ही घरच्या माणसांच्या हातात असतात.

पोलिसांना अटकेचा अधिकार आहे आणि तो असायलाच हवा. प्रश्न असतो तो कधी आणि कसा वापरायचा, याचा. संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, आणि अटक झालेल्या माणसाला कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा हक्क अनुच्छेद २२ देतो. ज्यांनी १९३० साली आपल्याच काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह उभा केला, त्या डॉ. आंबेडकरांनीच सप्टेंबर १९४९ मध्ये हा अनुच्छेद संविधान सभेत मांडला. आधीच्या कलमात नागरिकाचे जे संरक्षण कमी झाले होते त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ साली स्वीकारला. त्याचा अनुच्छेद ९ मनमानी अटकेला मनाई करतो आणि अटक झालेल्याला "तात्काळ" न्यायाधीशासमोर नेण्यास सांगतो. या कराराची संयुक्त राष्ट्रांची समिती "तात्काळ" म्हणजे साधारणपणे अठ्ठेचाळीस तास असे मानते. आपले संविधान त्याच्या निम्मा वेळ देते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आधी ओळखा: बोलावणे, नोटीस की अटक

पोलीस माणसाला तीन रीतींनी बोलावू किंवा नेऊ शकतात, आणि प्रत्येकीचा कागद वेगळा असतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. पुढे दिलेली कलमे तिच्यातली आहेत.

पहिली रीत साक्षीदार म्हणून बोलावण्याची. कलम १७९ प्रमाणे त्यासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना तर ठाण्यात यायला भागच पाडता येत नाही. त्यांचा जबाब ते राहतात तिथे येऊन घ्यायचा असतो. आई-बहिणीला रात्री "फक्त जबाबाला" ठाण्यात चला असे कोणी म्हणाले, तर "जबाब घरीच घ्या" हे उत्तर पूर्णपणे कायद्याला धरून आहे.

दुसरी रीत कलम ३५(३) च्या नोटिशीची. अटकेची गरज दिसत नसेल तेव्हा संशयिताला ठरलेल्या दिवशी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. तो नोटिशीप्रमाणे हजर राहत गेला, तर त्या गुन्ह्यात त्याला अटक करता येत नाही; करायचीच असेल तर तिची कारणे अधिकाऱ्याने नोंदवावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही मोबाईलवर नोटीस आली म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ठाण्यात जाऊन लेखी प्रत मागा, तारीख घाला आणि हजर राहिल्याची पोच घ्या.

तिसरी रीत अटकेची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नुसता आरोप आहे म्हणून अटक करता येत नाही. पुन्हा गुन्हा होऊ नये, तपास नीट व्हावा, पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारांवर दबाव येऊ नये किंवा माणूस न्यायालयात हजर राहावा, यांपैकी कोणत्या कारणासाठी अटक गरजेची आहे हे अधिकाऱ्याने लिहून ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे बजावले, आणि त्याच्या वीस वर्षे आधी, १९९४ मध्ये, जोगिंदर कुमार प्रकरणात सांगितले होते की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे. आरोप तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

या तिन्हींत न बसणारा एक प्रकार आपल्याकडे सर्रास ऐकू येतो, तो म्हणजे "बसवून ठेवलंय". असा प्रकार कायद्यात नाही. माणसाला मनात येईल तेव्हा उठून घरी जाता येत नसेल, तर त्याचे स्वातंत्र्य गेलेले आहे, मग त्याला कोठडीत ठेवले असो वा ठाण्यातल्या बाकावर.

दारात उभे असताना

आवाज चढवू नका, हाताला हात लावू नका. सरकारी कामात अडथळ्याचा दुसरा गुन्हा त्यातूनच तयार होतो. शांतपणे तीन गोष्टी विचारा: आपले नाव व हुद्दा काय, कोणत्या ठाण्यातून आलात, आणि कोणत्या गुन्ह्यासाठी नेता आहात. कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट वाचता येईल अशी पट्टी असली पाहिजे. साध्या कपड्यांत गुन्हे शोध पथकाची माणसे येतात तेव्हा ही पट्टी बहुधा नसते, म्हणून ओळखपत्र दाखवा असे म्हणण्यात काहीही गैर नाही. दरम्यान घरातल्या दुसऱ्या कोणीतरी वेळ, माणसांची संख्या आणि गाडीचा नंबर लिहून घ्यावा. रडारडीत हे सुचत नाही, म्हणून हे काम कोण करील ते आधीच ठरलेले असावे, असे मी वस्तीतल्या बैठकांत सांगत असते.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते; ती परवानगी पाहायला मागा. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला हातात घेऊनच निघा, कारण बालकाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते.

ठाण्यात गेल्यावर

नाशिक शहरात आयुक्तालयाची हद्द आणि बाहेर ग्रामीण अधीक्षकांची हद्द आहे, त्यामुळे आडगाव, म्हसरूळ, अंबड अशा कडेच्या भागांत माणूस नेमका कोणी नेला याचाच गोंधळ होतो. गुन्हे शाखेने नेले असेल तर जवळच्या ठाण्यात "आमच्याकडे नाही" हे उत्तर खरेही असू शकते. कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा, सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी नेमलेला असतो आणि अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावायचे असते. ठाणे अंमलदाराकडे त्या अधिकाऱ्याचे नाव विचारा. पत्ता लागला नाही तर ११२ ला फोन करून माणूस कधी आणि कसा नेला ते सांगा. त्या फोनने माणूस लगेच सापडेलच असे नाही, पण तुम्ही कधी शोध सुरू केला याची वेळेसह नोंद तयार होते.

पूर्वी हे काम तार करायची. वकील मंडळी तारघरात जाऊन पोलीस आयुक्तांना तार ठोकत, आणि तिच्यावरची वेळ न्यायालयात दाखवता येई. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता त्या जागी आयुक्तालयाला किंवा अधीक्षक कार्यालयाला ईमेल करा, सकाळी स्पीड पोस्ट करा, आणि मुख्य म्हणजे ठाण्यात हाताने लिहिलेला अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि वेळ घ्या. अर्ज असा लिहावा:

"मी अमुक, राहणार अमुक. माझा मुलगा अमुक, वय २२, यास आज दिनांक अमुक रोजी रात्री १०.४० वाजता राहत्या घरातून पोलीस असल्याचे सांगणाऱ्या दोन व्यक्तींनी नेले आहे. त्यास अटक केली असल्यास गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, अटकेची वेळ व अटकेची लेखी कारणे मला मिळावीत. वकिलास त्याची भेट घेऊ द्यावी. अटक केली नसल्यास त्यास तात्काळ घरी सोडावे. रात्री १० वाजेपासून पुढचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे."

शेवटचे वाक्य विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे लावण्याचा आणि चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, ठेवण्याचा आदेश दिला आहे. वेळेत लेखी मागणी केलेली असेल तर "चित्रीकरण उपलब्ध नाही" हे उत्तर पोलिसांना अडचणीचे ठरते. अर्ज घेत नाहीत असे झाले, तर त्याच अर्जाचा फोटो काढून तेथूनच ईमेल करा.

अटक झाली असेल तर अटक पंचनामा जागेवर तयार झाला पाहिजे. त्यावर घरच्या एखाद्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची स्वतःची सही लागते. सही करण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्यावरची वेळ. ती खोटी असेल तर सहीच्या वर खरी वेळ स्वतःच्या हाताने लिहा. अटक झालेल्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू ताब्यात घेतल्या असतील तर त्यांची पावती मिळते, तीही मागा.

आता अटकेच्या कारणांविषयी, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक बदल इथे झाला आहे. कारण सांगणे पुरेसे की लिहून द्यावे लागते, यावर २०२३ पासून एकामागून एक निकाल आले. आधी आर्थिक गैरव्यवहाराच्या, मग दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणांत. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सर्वच गुन्ह्यांना लागू केले: कारणे लेखी हवीत, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि ताबडतोब देणे शक्य नसेल तर तोंडी सांगून निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत; नाहीतर अटक बेकायदा ठरते. "तपासासाठी आवश्यक" असे छापील वाक्य म्हणजे कारण नव्हे. या माणसाने काय केल्याचा आरोप आहे ते त्यात वाचता आले पाहिजे. अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या बिहारच्या कामगाराला किंवा सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला आलेल्या, घरात कोकणा बोलणाऱ्या मजुराला कोर्टकचेरीच्या मराठीतला कागद वाचून दाखवला आणि अंगठा घेतला, तर ते कळवणे ठरत नाही. माझ्या मते हा निकाल नाशिकसारख्या, चारही दिशांनी कामगार येणाऱ्या शहरासाठी फार मोलाचा आहे.

वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते. चौकशी चालू असताना वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. खासगी वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते आणि १५१०० या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. कोठडीत असलेल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला हा वकील उत्पन्नाची अट न लावता मिळतो. चौकशीत मारहाण, धमकी किंवा कबुलीचा दबाव आला तर मुलाला एवढे ठाऊक असावे की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, तपासातल्या जबाबावर सही घेता येत नाही, आणि कोऱ्या कागदावर सही कधीच करायची नसते.

घड्याळ कोठून मोजायचे

काही वर्षांपूर्वी एका कामगार वस्तीतली आई माझ्याकडे गॅस सिलिंडरची पावती घेऊन आली होती. पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिले होते: "१०.४०, दोन माणसं, काळी गाडी." तिचा मुलगा सोमवारी रात्री नेला गेला होता. अटक फॉर्मवर मंगळवारी संध्याकाळी सहाची वेळ होती आणि बुधवारी दुपारी तीनला त्याला न्यायालयात आणले. कागदावर एकवीस तास होत होते. प्रत्यक्षात चाळीस उलटले होते. पावती आणि सोमवारी रात्रीच केलेल्या फोनची नोंद मी पुढे ठेवली, तेव्हा न्यायाधीशांनी तपासी अधिकाऱ्याकडे लेखी खुलासा मागितला, मुलाची वैद्यकीय तपासणी करायला लावली आणि त्याच दिवशी जामीन दिला.

ही युक्ती नव्हे, हा कायदा आहे. अटक सुरू होते ती माणसाच्या हालचालीवर बंधन आले त्या क्षणी, अधिकाऱ्याने नोंदवलेल्या वेळी नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे. म्हणून चोवीस तास दारातून नेल्यापासून मोजा. रविवार, दिवाळी, गणपती यांनी हे घड्याळ थांबत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायदंडाधिकारी नेमलेले असतात.

न्यायाधीशांसमोर

पहिल्या हजेरीला घरचे कोणीतरी न्यायालयात असलेच पाहिजे. मुलगा घाबरलेला असतो, मागे तोच हवालदार उभा असतो, आणि "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर निघून जाते. वकिलाने त्याला आधी दोन मिनिटे भेटून सांगावे की लागले असेल तर कपडा वर करून दाखव. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करणे कलम ५३ नुसार बंधनकारक आहे. नाशिकमध्ये ती बहुधा त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल रुग्णालयात होते. तिचा अहवाल अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळतो. डी. के. बसू प्रकरणातल्या १९९६ च्या निकालाप्रमाणे कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी ही तपासणी व्हायला हवी.

न्यायालय पोलीस कोठडी देते, न्यायालयीन कोठडी देते किंवा जामीन. बोलीत पोलीस कोठडीला पीसीआर आणि न्यायालयीन कोठडीला एमसीआर म्हणतात, आणि "एमसीआर झाली" हे ऐकून घरचे घाबरतात, पण त्याचा अर्थ मुलगा पोलिसांच्या ताब्यातून निघाला आणि जामिनाचा अर्ज करायला वाट मोकळी झाली असा असतो. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त नसते, मात्र नव्या संहितेत ती सलगच घेतली पाहिजे असे नाही. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते. साठ दिवसांत, आणि दहा वर्षे किंवा अधिक, जन्मठेप वा फाशीच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो. तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी करावा लागतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने गोल करून ठेवा. गुन्हा जामीनपात्र असेल तर या कशाचीच गरज नाही. ठाण्यातच जामीन मिळाला पाहिजे.

चॅप्टर आणि तडीपारी

निवडणूक, गणेशोत्सव किंवा सिंहस्थ जवळ आला की जुने गुन्हे असलेल्यांना चॅप्टरच्या, म्हणजे शांततेची व चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेण्याच्या, नोटिसा निघतात. कलम १२६ ते १२९ खालच्या या कारवाईत शहरात सहायक पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात तहसीलदारांसारखे महसूल अधिकारी दंडाधिकारी म्हणून बसतात. नोटिशीत आपल्याविरुद्धची माहिती लिहिलेली असली पाहिजे, उत्तर द्यायला संधी मिळाली पाहिजे आणि बंधपत्राची रक्कम ऐपतीबाहेर नसावी. "सही करा आणि जा" असे म्हटले तरी काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका. तडीपारीचा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी निघतो. त्याआधी लेखी नोटीस आणि सुनावणी आवश्यक आहे, आणि त्यावर तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

माणूस दाखवतच नसतील, किंवा मारहाण झाली असेल

चोवीस तास उलटले आणि पोलीस ताबाच नाकारत असतील तर दोन वाटा आहेत. कलम १०० खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून, बेकायदा अडकवून ठेवलेल्या माणसाच्या शोधाचे वॉरंट मागता येते. ही वाट जवळची आहे आणि फारशी वापरली जात नाही, याचे मला वाईट वाटते. दुसरी वाट मुंबई उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा आदेश मागणाऱ्या, याचिकेची. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो, त्यामुळे याचिका तिथेच दाखल करावी लागते.

मारहाणीची तक्रार पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मुंबईतला राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडे करता येते. आयोग घटनेपासून एक वर्षानंतरची तक्रार घेत नाही, तेव्हा "आधी केस संपू दे" असे म्हणत थांबू नका. आंतरराष्ट्रीय करार स्वीकारताना भारताने बेकायदा अटकेच्या भरपाईबाबत राखीव भूमिका घेतली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या बिहारच्या रुदुल शाहला भरपाई दिली, आणि १९९३ मध्ये ओडिशातल्या कोठडीतील मृत्यूबद्दल नीलाबती बेहेरा या आईला दीड लाख रुपये दिले. भरपाईची मागणी करताना वकिलाने हे दोन निकाल जोडावेत. सोबत अर्जाची शिक्का मारलेली प्रत, सिव्हिलचा अहवाल, जखमांचे तारखेसह फोटो आणि वेळ लिहिलेला तो पहिला कागद, मग तो पावतीच्या पाठीवरचा का असेना, मूळ स्वरूपात जोडावा. झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी आणि मूळ कागद देताना त्याचीही पोच घ्यावी.